सिम्युलेटरसाठी ए३२० बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान घरच्या संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी प्रवासी विमानाचा अॅड-ऑन बनवू पाहणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून सगळीकडे सीएफएम५६-५बी इंजिनांचं जुनं एअरबस ए३२० धरलं आहे. या विमानाची माहिती मुबलक मिळते, आणि त्यातली चूक पकडणारे जाणकारही तितकेच मुबलक आहेत.

कोणत्या सिम्युलेटरसाठी बनवावं?

मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर (२०२० किंवा २०२४), एक्स-प्लेन १२ आणि फ्लाइटगिअर हे तीन खरे पर्याय. मायक्रोसॉफ्टकडे वापरणारे सर्वांत जास्त. तिथे डिस्प्ले जावास्क्रिप्टमध्ये लिहितात, आणि जड गणित सी++ किंवा रस्टमध्ये लिहून वेबअसेंब्लीत कंपाइल करतात. एक्सबॉक्सवरही विमान चालवायचं असेल, तर बाजूला स्वतंत्र प्रोग्रॅम चालवण्याची सोय मिळत नाही. सगळं पॅकेजच्या आतच बसवावं लागतं, आणि हा निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावा लागतो.

एक्स-प्लेनमध्ये प्लगिन थेट सी किंवा सी++मध्ये लिहिता येतो, डीबगर जोडता येतो, आणि ‘डेटारेफ’मधून सिमचं जवळजवळ सगळं वाचता-लिहिता येतं. सिस्टिमच्या कोडची हौस असेल तर इथे काम सुखाचं होतं. फ्लाइटगिअर संपूर्ण मुक्त स्रोत आहे. त्याचं जेएसबीसिम हे उड्डाण-गणिताचं इंजिन स्वतंत्रपणेही चालतं, त्यामुळे कंट्रोल लॉ (स्टिक हलवली की विमानाने काय करायचं हे ठरवणारे संगणकाचे नियम) शिकायला ते फार सोयीचं.

पुढेमागे दोन सिमवर जायचा विचार असेल तर हायड्रॉलिक, इलेक्ट्रिकल, एफएमजीसी (मार्ग आखणारा आणि ऑटोपायलट चालवणारा संगणक) यांचा गाभा सिमपासून वेगळा लिहा. त्या कोडला आपण कोणत्या सिममध्ये आहोत हे कळताच कामा नये. मधे एक पातळ थर ठेवायचा, तोच सिमशी बोलेल. नंतर हा थर घालायला गेलं की अर्धा कोड उसवावा लागतो.

एकट्याने जमेल का?

दिसायला बरं, उडवायला ठीक असं विमान जमतं. ए३२०च्या सगळ्या सिस्टिम खोलवर उतरवायच्या असतील तर कामं निदान पाच वेगळ्या डोक्यांची आहेत: ३डी आणि टेक्श्चर, उड्डाण-गणित, सिस्टिम, एफएमजीसी, आवाज. यातलं एफएमजीसी एकटंच बाकीच्या चौघांइतका वेळ खातं. एकटे असाल तर फ्लायबायवायर या मुक्त स्रोत प्रकल्पात एखादी छोटी सिस्टिम दुरुस्त करून बघा. त्यांच्या ए३२०च्या सिस्टिम रस्टमध्ये आहेत आणि कोड वाचायला खुला आहे. त्यांचा परवाना मात्र जीपीएलव्ही३ आहे. त्यांच्या कोडवर बेतलेलं काही वाटलंत, तर तुमचाही स्रोत त्याच परवान्याखाली खुला करावा लागतो. ‘थोडासाच उचलला’ ही सबब तिथे चालत नाही.

विमानाची खरी माहिती कुठून मिळवायची?

बरेच जण वैमानिकांच्या मॅन्युअलची फिरती पीडीएफ शोधत बसतात. त्याआधी उघड्यावर असलेली कागदपत्रं संपवा.

युरोपीय नियामक ईएएसएचं ए३२० कुटुंबाचं टाइप सर्टिफिकेट डेटा शीट (क्रमांक ए.०६४) मोफत मिळतं. वजनाच्या मर्यादा, वेगाच्या मर्यादा, टाक्यांची क्षमता, पंखाच्या सरासरी कॉर्डची, म्हणजे पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची, लांबी (४.१९३५ मीटर) हे सगळं त्यात आहे. एअरबस विमानतळांसाठी जो नियोजनाचा दस्तऐवज प्रसिद्ध करते, त्यात मापांसह रेखाचित्रं, दारांची जमिनीपासूनची उंची, वळण्याची त्रिज्या आणि पेलोड-रेंजचे आलेख मिळतात. ३डी करणाऱ्याला याहून चांगला नकाशा मिळणार नाही.

तिसरा स्रोत फार कमी लोकांना ठाऊक असतो: आयसीएओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची इंजिन उत्सर्जनाची माहितीपेढी. ती प्रदूषण मोजण्यासाठी आहे, पण त्यात प्रत्येक इंजिनाचा ७, ३०, ८५ आणि १०० टक्के थ्रस्टवरचा इंधनप्रवाह दिलेला असतो. सीएफएम५६-५बी४साठी तो आयडलला (लिव्हर पूर्ण मागे असताना) सेकंदाला साधारण ०.१ किलो आणि पूर्ण थ्रस्टला १.१ किलोच्या आसपास आहे. जमिनीवरच्या इंजिनाचे चार पक्के बिंदू फुकटात हाती येतात.

मॅन्युअल वाचायला मिळालं तरी त्यातला मजकूर आणि आकृत्या कॉपीराइटखाली असतात. व्हॉल्व्ह किती दाबाला उघडतो ही वस्तुस्थिती वापरता येते, पान जसंच्या तसं आपल्या पुस्तिकेत चिकटवता येत नाही.

आधी ३डी मॉडेल की आधी सिस्टिम?

सिस्टिम आधी, राखाडी ठोकळ्याच्या कॉकपिटमध्ये. चकचकीत मॉडेल आधी झालं की लोक फोटो पाहून ‘कधी येतंय?’ विचारायला लागतात, आणि ‘पी हळद हो गोरी’ अशी घाई सुरू होते. एक अपवाद: कॉकपिटमधली बटणं, नॉब आणि लिव्हर यांची नावं, फिरण्याचे अक्ष आणि पिव्हट सुरुवातीलाच ठरवून लिहून ठेवा. नाव नंतर बदललं की अॅनिमेशन, क्लिकची जागा, आवाज आणि कोड या चारही ठिकाणी शोधाशोध करावी लागते.

टेक्श्चर किती मोठी ठेवावीत?

हिशेब करून ठरवा. ४०९६ × ४०९६चं एक टेक्श्चर कॉम्प्रेस न करता ६४ एमबी होतं. बीसी७ कॉम्प्रेशनने ते १६ एमबी, आणि मिपमॅप (लांबून पाहताना वापरायच्या लहान प्रती) धरून साधारण २१ एमबी. एका मटेरियलला तीन नकाशे लागतात: रंग, नॉर्मल (पृष्ठभागाचा उंचसखलपणा भासवणारा) आणि खडबडीतपणा-धातूपणाचा एकत्रित. अशी ३० मटेरियल झाली की ग्राफिक्स कार्डची जवळजवळ दोन जीबी मेमरी एकट्या विमानाने खाल्ली. अजून विमानतळ आणि ढग यायचेत.

डोळ्यापासून अर्ध्या मीटरवर असलेल्या पॅनेलला चार हजार पिक्सेल द्या. पायाखालच्या पेडलला आणि मागच्या सर्किट-ब्रेकरच्या भिंतीला एक-दोन हजार पुरतात. पॅनेलवरची अक्षरं टेक्श्चरमध्ये रंगवण्याऐवजी वेगळ्या डेकल (वरून चिकटवलेल्या चित्राच्या) थरावर ठेवली की कमी रिझोल्यूशनलाही सुबक दिसतात.

मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये एकत्रित नकाशात लाल चॅनेल सावलीचा, हिरवा खडबडीतपणाचा, निळा धातूपणाचा. नॉर्मल मॅप डायरेक्टएक्स पद्धतीचा लागतो. स्क्रूची डोकी आत खचल्यासारखी दिसली, तर हिरवा चॅनेल उलटा आहे.

‘सिस्टिम डेप्थ’ म्हणजे नेमकं काय? बटणं सगळी चालली की झालं ना?

नाही. बटण दाबल्यावर दिवा लागणं हे सर्वांत सोपं काम. खोली कळते ती एका सिस्टिमचा परिणाम दुसरीवर होतो तिथे. ए३२०मधलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण घेऊ: कुत्रा भुंकल्यासारखा किंवा कुणी करवत चालवल्यासारखा तो आवाज. प्रवाशांनीही तो ऐकलेला असतो.

तो पीटीयूचा (पॉवर ट्रान्सफर युनिटचा) आवाज. विमानात हिरवी, निळी आणि पिवळी अशा तीन हायड्रॉलिक सिस्टिम असतात, प्रत्येकीचा दाब साधारण ३,००० पीएसआय. हिरवी आणि पिवळी यांच्या मधे पीटीयू बसवलेला असतो. दोन्हींच्या दाबात ५०० पीएसआयपेक्षा जास्त फरक पडला की तो जास्त दाबाच्या बाजूची ताकद कमी दाबाच्या बाजूला देतो. तेल मात्र इकडचं तिकडे जात नाही.

आता इंजिन सुरू होताना काय घडतं ते पाहा. पार्किंग ब्रेक लावलेला आहे, आधी दोन नंबरचं इंजिन सुरू केलं. पिवळा दाब ३,००० झाला, हिरवा शून्य. फरक प्रचंड, तरी पीटीयू गप्प. कारण पार्किंग ब्रेक लावलेला आणि इंजिनांचा एकच मास्टर स्विच चालू असताना तो मुद्दाम रोखलेला असतो. एक नंबरचा मास्टर चालू करताच रोख उठते आणि पीटीयू भुंकायला लागतो. एक नंबरच्या इंजिनाचा पंप हिरवा दाब उचलतो, फरक ५००च्या खाली येतो आणि आवाज थांबतो.

हे दोन प्रकारे बनवता येतं. पहिला: ‘दुसरा मास्टर चालू केला की पाच सेकंद आवाजाची फाइल वाजवा.’ नेहमीच्या उड्डाणात फरक कळणार नाही. पण एका इंजिनावर टॅक्सी करताना, किंवा गेटवर उभं असताना पिवळा इलेक्ट्रिक पंप चालू केल्यावर भुंकण्याला जी अडखळती लय असते, ती येणार नाही. खऱ्या विमानात पीटीयू दाब भरतो, थांबतो, गळतीने दाब हळूहळू उतरतो, पुन्हा सुरू होतो. ती लय गळतीतून आणि वापरातून येते. दुसरा प्रकार म्हणजे पंप, गळती, अॅक्युम्युलेटर (दाब साठवणारी टाकी) आणि पीटीयू खरोखर मोजायचे आणि आवाज पीटीयूच्या फिरण्याला बांधायचा. मग लय आपोआप येते, आणि फ्लॅप हलवले की ती बदलतेही.

आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? स्क्रीनवरचा प्रत्येक आकडा याच कसोटीला लावा: तो कुठल्या भागातून आला, आणि तो भाग बंद पडला तर आकड्याचं काय होईल?

हायड्रॉलिकचा दाब थरथरतो, कधी अचानक लाखात जातो. का?

द्रव जवळजवळ दाबला जात नाही म्हणून. दहा लिटर भरलेल्या नळ्यांत १०० मिलिलिटर तेल जास्तीचं शिरलं, तर दाब २,००० पीएसआयच्या आसपास वाढतो. सिम ३० फ्रेमवर चालत असेल तर तुमचं गणित दर ३३ मिलिसेकंदांनी एकदाच होतं. तेवढ्यात पंप हवं त्यापेक्षा बरंच जास्त तेल ढकलून बसतो, पुढच्या फ्रेमला ते सगळं मागे येतं, आणि झोपाळा सुरू होतो.

उपाय तीन, आणि तिन्ही एकत्र करायचे. गणित फ्रेमवर बांधू नका. ५ किंवा १० मिलिसेकंदांची ठरीव पायरी घ्या आणि एका फ्रेममध्ये लागतील तितक्या पायऱ्या चालवा, उरलेला वेळ पुढच्या फ्रेममध्ये न्या. फ्रेम अर्धा सेकंद अडकली तर शंभर पायऱ्या एकदम चालू नयेत म्हणून वर मर्यादा घाला. दुसरं, खऱ्या विमानातला अॅक्युम्युलेटर मॉडेलमध्ये घाला; तो नायट्रोजनचा फुगा तिथे धक्का पचवायलाच असतो. तिसरं, पंपाचा प्रवाह दाबाप्रमाणे कमी होऊ द्या. खरा पंप ३,०००जवळ पोचला की स्वतःच हात आखडता घेतो.

हाच आजार इलेक्ट्रिकल आणि केबिन प्रेशरच्या गणितात सौम्य रूपात दिसतो. औषधही हेच.

इंजिन सुरू होण्याचा क्रम किती बारकाईने करावा?

एन२च्या (इंजिनाच्या आतल्या, जास्त दाबाच्या शाफ्टच्या वेगाच्या) टक्क्यांवर करा, घड्याळावर नको. एपीयूची (शेपटीतल्या छोट्या सहायक इंजिनाची) हवा स्टार्टर फिरवते, एन२ चढतो. १६ टक्क्यांना इग्निशन, २२ टक्क्यांना इंधन, मग ईजीटी (बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान) उसळतो, ५० टक्क्यांना स्टार्ट व्हॉल्व्ह बंद. पुढे एन१ (पुढच्या पंख्याचा वेग) साधारण १९-२०वर आणि एन२ ५८च्या आसपास स्थिरावतो. सुरू होतानाची ईजीटी मर्यादा ७२५ अंश.

क्रम टक्क्यांना बांधला की एपीयूची हवा कमी पडल्यावर इंजिन आपोआप रेंगाळतं. घड्याळाला बांधला, तर हवा नसतानाही इंजिन दिमाखात सुरू होतं. सुरू होताना एसीचे पॅक बंद होतात हेही विसरू नका. कॉकपिटमधली हवेची सरसर विझते आणि क्षणभर शांतता पसरते, ती ए३२०ची ओळखीची खूण आहे.

सिमचं स्वतःचं उड्डाण-गणित वापरावं की सगळं आपलं लिहावं?

हवेचे बल सिमवर सोडा. फ्लाय-बाय-वायर (स्टिकची मागणी वाचून विमान हलवणारा संगणक) मात्र स्वतः लिहा. सिमच्या तयार पर्यायात साईडस्टिक थेट एलिव्हेटरला (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या पट्टीला) जोडलेली असते. ए३२०मध्ये ती जी-भाराची (गुरुत्वाच्या किती पट भार हवा याची) मागणी करते. स्टिक सोडली की विमान आपली वाट धरून राहतं आणि ट्रिम (शेपटीचा कोन जुळवणारी व्यवस्था) स्वतः फिरतं.

सामान्य लॉचे (सगळं ठीक चालू असतानाच्या नियमांचे) आकडे: रोलचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त १५ अंश, ३३ अंशांपर्यंतचा कल स्टिक सोडल्यावर टिकतो, त्यापुढे गेलात तर सोडताच ३३वर परत, पूर्ण दाबून ठेवलीत तरी ६७च्या पुढे नाही. जी-भार फ्लॅप आत असताना २.५ ते उणे १, बाहेर असताना २ ते ०.

घोडं पेंड खातं ते लँडिंगला. ५० फुटांवर संगणक नाकाचा कोन लक्षात ठेवतो. ३० फुटांपासून तो कोन ८ सेकंदांत उणे २ अंशांकडे नेऊ लागतो, म्हणजे वैमानिकाला नेहमीच्या विमानासारखी स्टिक ओढावी लागते. हे न केल्यास विमान धावपट्टीवर तरंगत राहतं. केलं, पण ट्रिम गोठवायला विसरलात, तर नाक धपकन खाली येतं. बदल एका फ्रेममध्ये करू नका. एका लॉमधून दुसऱ्यात जाताना दोन्हींची उत्तरं थोडा वेळ मिसळा.

आणि सिमची ‘ऑटो-ट्रिम’ किंवा ‘स्टॅबिलिटी असिस्ट’ चालू असेल तर दोन वैमानिक एकाच वेळी विमान चालवतात. विमान डोलतंय अशी तक्रार आली की आधी तेच विचारा.

विमान खाली येताना वेग सोडत नाही. ड्रॅग (हवेचा अडथळा) वाढवू का?

लगेच नको. खरं ए३२०ही खाली येताना वेग सोडायला नाखूष असतं. आधी आयडलचा थ्रस्ट तपासा. तो थोडा जास्त असला तरी उतरण्याचा कोन बिघडतो. जुळवण्याचा क्रम असा ठेवा: मापं, मग वजन आणि गुरुत्वमध्य, मग थ्रस्ट आणि इंधन, मग ड्रॅग, शेवटी स्थैर्य. क्रम उलटा केला की एका चुकीवर दुसऱ्या चुकीचं ठिगळ बसतं.

पडताळ्यासाठी सोपा ठोकताळा: २०,००० फुटांखाली ग्रीन डॉट वेग (फ्लॅप आत असताना सर्वांत किफायती सरकणीचा) म्हणजे टनांतल्या वजनाची दुप्पट अधिक ८५. ६० टनाला २०५ नॉट. त्या वेगाला आयडलवर सर्वांत उथळ सरकण मिळायला हवी. ती १८० किंवा २३०ला मिळत असेल तर ड्रॅगचा वक्र चुकलाय. ३५,००० फूट, मॅक ०.७८ला (ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पट) मध्यम वजनाला दोन्ही इंजिनं मिळून तासाला साधारण २,४०० किलो इंधन जायला हवं.

टाक्या पूर्ण भरल्या तर वजन चारशे किलोने जास्त दिसतं. चूक कुठे?

गॅलनमध्ये. सिम इंधन अमेरिकन गॅलनमध्ये मोजतं आणि गॅलनला ६.७ पौंड धरतं. म्हणजे लिटरला ०.८०३ किलो. ए३२०ची क्षमता २३,८५८ लिटर (बाहेरच्या टाक्या ८८० प्रत्येकी, आतल्या ६,९२४ प्रत्येकी, मधली ८,२५०), आणि एअरबसचे किलोतले आकडे ०.७८५ घनतेवर काढलेले असतात. एकीकडे १९,१५४ किलो, दुसरीकडे १८,७२८. तुमचे चारशे किलो ते हे. घनता एकाच जागी ठरवा आणि सगळीकडे तिथूनच वाचा.

एफएमजीसीला इतका वेळ का लागतो?

नकाशावर बिंदूंना रेघांनी जोडणं दोन दिवसांचं काम. पण एरिंक ४२४ या नॅव्हिगेशन डेटाच्या मानकात मार्गाच्या तुकड्यांचे २३ प्रकार आहेत, आणि त्यातल्या कित्येकांना शेवटचा बिंदूच नसतो. ‘या दिशेने अमुक उंची येईपर्यंत जा’ असा तुकडा कुठे संपेल हे वजनावर, वाऱ्यावर आणि चढण्याच्या वेगावर ठरतं. नकाशावर मात्र तो आधीच काढावा लागतो. म्हणजे अंदाज बांधायचा आणि उडताना तो सतत सुधारायचा.

वळणाचं गणित त्यावर. त्रिज्या म्हणजे जमिनीवरच्या वेगाचा वर्ग भागिले (गुरुत्वत्वरण गुणिले कलाचा टॅन). २५० नॉट आणि २५ अंश कल धरला तर सुमारे ३.६ किलोमीटर, जवळजवळ दोन नॉटिकल मैल. काटकोनात वळायचं असेल तर बिंदूच्या तितकंच आधी वळायला सुरुवात करावी लागते. पुढचा बिंदू अडीच मैलांवर असेल आणि तिथेही काटकोन असेल, तर दोन वळणं एकमेकांत घुसतात. बहुतेक अॅड-ऑनमध्ये नकाशावर दिसणारे विचित्र फास इथूनच येतात.

उतरण्याची आखणी उलट करायची: धावपट्टीपासून मागे मागे चढत जायचं. आधी वेग कमी करण्याचा तुकडा, मग उंचीच्या अटी असलेले तुकडे, मग आयडलचा तुकडा, आणि शेवटी उतरायला सुरुवात करण्याचा बिंदू. पुढून मोजायला गेलात तर प्रत्येक अटीला उत्तर बदलतं. आलेलं उत्तर ‘हजार फुटांना तीन मैल’ या ठोकताळ्याशी ताडून बघा. फार लांब गेलं तर वाऱ्याचं चिन्ह उलटं लागलेलं असतं.

नॅव्हडेटा (बिंदू, मार्ग आणि धावपट्ट्यांची माहिती) दर २८ दिवसांनी बदलतो; त्या एकेका आवृत्तीला सायकल म्हणतात. बहुतेक अॅड-ऑन तो नॅव्हिग्राफच्या वर्गणीतून घेतात. जुनी सायकल सोबत द्यायची असली तरी परवाना लागतो. ऑक्टोबर २०२५मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबई विमानतळ जुन्या सायकलमध्ये सापडणार नाही. ती तक्रार तुमच्या कोडची नाही, पण येणार तुमच्याकडेच.

डिस्प्लेमुळे फ्रेम रेट पडतो. काय करावं?

प्रत्येक गोष्ट प्रत्येक फ्रेमला काढू नका. क्षितिज आणि वेगाची पट्टी दर फ्रेमला हवी. ईसीएएमच्या (सिस्टिमची स्थिती आणि इशारे दाखवणाऱ्या स्क्रीनच्या) खालच्या पानाला सेकंदाला चार-पाच वेळा पुरे. एमसीडीयू (एफएमजीसीचा कळफलक आणि स्क्रीन) म्हणजे २४ अक्षरांच्या १४ ओळी. मजकूर बदलला तरच काढा. नेव्हिगेशनचा नकाशा कॅनव्हासवर काढा, शेकडो एसव्हीजी घटक हलवू नका.

दर काही सेकंदांनी ठरावीक झटका बसत असेल तर जावास्क्रिप्टची कचरासफाई चालू आहे. दर फ्रेमला नव्या वस्तू आणि अॅरे बनवणं थांबवा, जुन्याच पुन्हा वापरा.

ईसीएएमच्या सूचना नको तेव्हा वाजतात.

फ्लाइट वॉर्निंग कॉम्प्युटर उड्डाणाचे दहा टप्पे धरतो: वीज आली, पहिलं इंजिन, टेकऑफ पॉवर, ८० नॉट, जमीन सुटली, १,५०० फूट, उतरताना ८०० फूट, टेकलं, पुन्हा ८० नॉट, शेवटी इंजिनं बंद. कोणती सूचना कोणत्या टप्प्यात दाबायची याचा तक्ता असतो. ८० नॉटनंतर बिनमहत्त्वाची सूचना वाजता कामा नये. आधी टप्पे अचूक करा, मग एकेक सूचना. उलट केलं तर प्रत्येक सूचनेत ‘जमिनीवर असेल तर’ अशा अटींचं जंगल उगवतं.

सेन्सरचा संदेश बनवताना एरिंक ४२९ या विमानातल्या उपकरणांच्या संदेश-मानकातली एक गोष्ट उचला: ३२ बिटांच्या त्या शब्दात आकड्याबरोबरच तो ग्राह्य आहे का हे सांगणारे दोन बिट असतात. ‘उंची शून्य’ आणि ‘उंची माहीत नाही’ हा फरक तुमच्या कोडमध्ये नसेल, तर रेडिओ अल्टिमीटर बंद पाडताच विमानाला वाटेल की आपण टेकलो.

सिस्टिम एकमेकींशी नीट जोडल्यात का, हे कसं तपासायचं?

हवेत दोन्ही जनरेटर बंद करा आणि हात बाजूला ठेवा. १०० नॉटच्या वर वेग असेल तर पोटाखालून रॅट (वाऱ्यावर फिरणारी छोटी टर्बाइन) बाहेर पडायला हवा. तो निळं हायड्रॉलिक चालवतो, निळं आपत्कालीन जनरेटर फिरवतं (५ केव्हीए). ते होईपर्यंतचे काही सेकंद बॅटरीवर निघतात: उजवीकडच्या स्क्रीन काळ्या, डाव्या मोजक्या जिवंत, ऑटोपायलट गेलेला. यातलं काही ‘आपत्कालीन स्थिती’ नावाच्या एका झेंड्याने घडत असेल, तर वीज परत आल्यावर काहीतरी अडकून राहील. बसबार, कॉन्टॅक्टर आणि भार खरे असतील तर सगळं आपोआप जुळून येतं.

दुसरी चांगली परीक्षा लेह. धावपट्टी समुद्रसपाटीपासून १०,६८२ फुटांवर. केबिनची उंची ९,५५० फुटांच्या वर गेली की इशारा द्यायचा, एवढंच लिहिलं असेल तर लेहला दार उघडं ठेवून उभं असतानाही घंटा वाजत राहील. इंजिन सुरू होणं, टेकऑफचा थ्रस्ट, प्रेशरायझेशन, तिन्हीतले सोयीस्कर गृहीतक इथे उघडे पडतात.

घरच्या थ्रॉटलवर डिटेंट (लिव्हर अडकण्याच्या ठरलेल्या जागा) कसे जुळवावेत?

विमानात लिव्हरचे कोन ठरलेले आहेत: आयडल ०, क्लाइम्ब २५, फ्लेक्स (कमी केलेला टेकऑफ थ्रस्ट) ३५, टोगा (पूर्ण थ्रस्ट) ४५ अंश. जॉयस्टिकचे खाचे मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे. वापरणाऱ्याला प्रत्येक डिटेंटची वरची आणि खालची सीमा नोंदवू द्या, मधे निदान दोन-तीन टक्के जागा सोडा. स्वस्त पोटेन्शिओमीटर थरथरतो. सीमा चिकटून असतील तर ऑटोथ्रस्ट क्लाइम्बमध्ये आत-बाहेर उड्या मारतो.

‘एअरबस’ नाव आणि विमान कंपन्यांचे लोगो वापरता येतात का?

नावं आणि लोगो ट्रेडमार्क आहेत. विकायचं असेल तर लेखी परवानगी घ्या किंवा काल्पनिक रंगसंगती द्या. कॉकपिटमधला कृत्रिम आवाजही कुणाच्या तरी रेकॉर्डिंगमधून कापून आणू नका. टेकताना थ्रस्ट लिव्हर मागे घ्यायला सांगणारं ‘रिटार्ड’ स्वतः रेकॉर्ड करा.

यावर केलेले तास वैमानिकाच्या प्रशिक्षणात धरतात का?

नाही. त्यासाठी नियामकाने, भारतात डीजीसीएने, पात्र ठरवलेलंच सिम्युलेटर लागतं. क्रम आणि बटणांच्या जागा पाठ करायला घरचं विमान उपयोगी पडतं, पण पुस्तिकेत ‘प्रशिक्षणासाठी नाही’ असं स्पष्ट लिहा.

बीटा टेस्टरकडून काय मागावं?

‘ऑटोपायलट बिघडला’ एवढ्यावर काही करता येत नाही. सिमची आणि अॅड-ऑनची आवृत्ती, मार्ग, वजन, त्या क्षणीची एफएमएवरचे (ऑटोपायलटचे चालू मोड दाखवणाऱ्या पट्टीवरचे) पाचही रकाने दिसतील असा स्क्रीनशॉट, आणि आधीच्या दोन मिनिटांत दाबलेली बटणं, एवढं हवंच. वेग चौपट केला होता का, मधे पॉज घेतला होता का, हे वेगळं विचारा. बऱ्याच ‘अशक्य’ बगची मुळं तिथेच निघतात: पॉजमध्ये सिमचं घड्याळ थांबतं आणि तुमचं चालू राहतं. विमानातच शेवटच्या पाच मिनिटांचे इनपुट नोंदवणारा छोटा लॉग ठेवलात, तर निम्मे प्रश्न विचारावेच लागत नाहीत. त्या लॉगमध्ये वेळ सेकंदात नको, गणिताच्या पायरीचा क्रमांक लिहा. म्हणजे तोच लॉग आपल्या संगणकावर पुन्हा चालवून बग जशाच्या तसा उभा करता येतो.